अण्णांनी पाहिलेलं पाणी

अण्णा, म्हणजे माझे वडील, सगळी नोकरी कालव्यावर पाटकरी होते. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं, दार कधी उचलायचं, कधी पाडायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर मात्र ते कालव्याकडं फिरकले नाहीत. त्या वाटेनं जायची वेळ आली तरी दुसऱ्या रस्त्यानं जायचे.

श्रीनगरला जायचं ठरलं ते मायसाठी. तिला एकदा बर्फाचे डोंगर आणि तिथल्या बागा बघायच्या होत्या. मी मानवतला शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीला जोडून दोघांना घेऊन निघाले. पूर्णेला गाडीत बसताना अण्णा म्हणाले, "झाडं-फुलंच बघायची तर आपल्या शिवारात काय कमी हायेत?" मायनं खिडकीची जागा धरली.

तिथं पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सरोवराच्या काठावरच्या एका जुन्या मोगल बागेत गेलो. मागं डोंगराची सरळ भिंत, पुढं सपाट पाणी आणि मधे पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली बाग. चिनारांची पानं लाल-तांबूस होऊन गळत होती. माय दारातच थबकली. "माय गं," एवढंच म्हणाली आणि पदर डोक्यावर घेतला, देवळात घेते तसा.

अण्णांचं लक्ष झाडांकडं नव्हतं. बागेच्या मधोमध दगडी पाट होता. एका टप्प्यावरून पाणी नक्षी कोरलेल्या उतरत्या दगडावरून खाली यायचं, हौदात थांबायचं, तिथल्या कारंज्यांत जेमतेम उसळायचं, पुन्हा पुढं निघायचं. अण्णा काठावर बसले. मग एक पान उचलून पाण्यात सोडलं आणि त्याच्या बरोबरीनं पावलं मोजत चालायला लागले. पाण्याचा वेग ते असाच काढायचे, मी लहानपणी पाहिलं होतं.

"अण्णा, लोक बघायलेत," मी म्हणाले.

"बघू दे. बाई, ह्यो उतार बघ. जरा जास्त असता तर पाण्यानं दगड खाल्ला असता, जरा कमी असता तर गाळ बसला असता. कोणी काढला असंल?"

मग ते पाण्याच्या उलट दिशेनं वर चढायला लागले. आम्ही फोटो काढत मागं राहिलो, आणि सगळ्यात वरच्या टप्प्यावर पोचलो तर ते एका माळ्याशी बोलत उभे. माळी त्यांच्याच वयाचा, पायघोळ फेरन घातलेला. आमच्या भागावर निजामाचं राज्य होतं, त्यामुळे अण्णांच्या बोलण्यात उर्दू आपसूक येते. ती तिथं कामाला आली.

"ये पानी ऊपर कैसा आता जी? मोटर कां है?"

"मोटर नहीं, जनाब," माळी म्हणाला. "पहाड़ है."

अण्णांनी डोंगराकडं पाहिलं. येलदरीचं धरण, त्याचे दरवाजे, वीजघर हे सगळं जवळून पाहिलेला माणूस. पण तोंडावर असं काही आलं जे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आदल्या रात्री वारा सुटला होता. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी बागेत शिरतं तिथं जाळीत पानांचा गच्च थर अडकला होता आणि माळी लांब दांड्यानं तो ओढत होता. अण्णांनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले.

"अवं, पाय गारठतील," माय म्हणाली.

"गारठू दे."

माळी नको नको म्हणत होता. पण अण्णांचे हात चालूच होते, ओंजळीओंजळीनं पानं बाहेर. शेवटचा गठ्ठा निघाला तसं पाणी एकदम पुढं सरकलं. आम्ही काठावरून बघत राहिलो. पहिल्या टप्प्यावरची दबलेली कारंजी हळूहळू वर आली. मग दुसऱ्यावरची. मग त्याच्या खालची. पाणी एकेक टप्पा उतरत गेलं आणि अगदी तळाशी, सरोवराजवळ, शेवटचं कारंजं उभं राहिलं.

अण्णांनी टोपी काढली. ओठ निळे पडले होते.

"टेलपर्यंत पोचलं," ते म्हणाले.

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक. तिथले शेतकरी आमच्या दारात येऊन त्यांना बोल लावायचे. पाणी वरच्या शिवारांतच मुरायचं, शेवटच्या वावरापर्यंत नीट कधी जायचंच नाही. अण्णा गप ऐकून घ्यायचे. आम्हाला कधीच काही सांगितलं नाही. त्या दिवशी माळ्यानं आणलेला तिकडचा मिठाचा खारा चहा हातात धरून ते मला म्हणाले, "लय वर्सं केलं गं. एकदाबी असं न्हाई जमलं. ह्या लोकांनी जमवलं, अन् अजून चालू हाय." आवाजात दुःख होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण चहा खाली ठेवून ते हात जोडून उभे राहिले, डोंगराला की तो पाट खोदणाऱ्यांना, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शहरावरच्या डोंगरउतारावरच्या एका पडक्या महालात गेलो. कमानी, रिकामे हौद, भिंतीत पुरलेले मातीचे नळ. अण्णांनी एका नळात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. कोरडा होता. मग ते कठड्यापाशी आले. खाली सगळं सरोवर, काठाच्या बागा, पलीकडं पहिल्यांदाच ढगातून सुटलेली बर्फाची रांग.

मायनं शेंगदाण्याची पुडी सोडली, पण दाणे तोंडात टाकायचं तीही विसरली. थोड्या वेळानं म्हणाली, "बोला की काहीतरी."

"थांब जरा," अण्णा म्हणाले. "बघू दे."