पक्का पुरावा

गल्लीतली टेलरबाई शिकलेली जेमतेम तिसरी, पण बोलायला लागली की भल्याभल्यांची शिवण उसवायची. शाळेचे गणवेश वर्षानुवर्षं तीच शिवायची. नात त्याच शाळेत, आणि बाईचा सगळा जीव त्या नातीत.

एके दिवशी नात रडवेली होऊन मशीनपाशी बसली. "आजी, वर्गाच्या बाईंनी आपलं मत पटवून देणारा निबंध सांगितलाय. मत, कारणं, पुरावा, विरोधी मुद्दा, त्याचं उत्तर, शेवट. सगळं डोक्यावरून गेलं बघ."

"अगं, हे तर शर्टाचंच काम! मत म्हणजे काय शिवायचं ते आधी ठरवणं. शर्ट म्हणून बेतला आणि पायजमा निघाला, असं नको. कारणं म्हणजे शिवणी. पुरावा म्हणजे ती शिवण ओढून दाखवायची. 'लोक म्हणतात' असला कच्चा टाका चालत नाही. कोण, कधी, काय झालं, सांगून टाकायचं."

"आणि विरोधी मुद्दा?"

"गिऱ्हाईक काय खोड काढणार ते आपणच आधी बोलायचं, उत्तरही देऊन टाकायचं. बोलतीच बंद! मग शेवटाला काजं-बटणं."

नात खुदकन हसली. त्या हसण्याला भुलून बाई बोलून गेली, "तुला म्हणून सांगते हं. तुमच्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या पोलक्याच्या बाह्या परवा मी उलट्यासुलट्या लावल्या. उजवी डावीकडे, डावी उजवीकडे. डोळे दगा देतात हल्ली. उसवून परत लावल्या, कुणाला पत्ता नाही. बोललीस तर बघ!"

"तुझी शप्पथ, आजी."

पंधरा दिवसांनी बाई गणवेशांची मापं घ्यायला शाळेत गेली. दारालगतच्या फळ्यावर एक निबंध डकवलेला, वर 'पहिला क्रमांक'. अक्षर नातीचं! बाईनं कौतुकानं अक्षर अक्षर लावत वाचला. मत: म्हाताऱ्या माणसांनी काम थांबवावं. कारण: नजर अधू होते. पुरावा: 'माझ्या आजीने आमच्या मुख्याध्यापिकांच्या पोलक्याला बाह्या उलट्या लावल्या.' कोणी म्हणेल, तिला करमणार नाही. उत्तर: आम्ही तिला टीव्ही आणून देऊ.

सगळं जागच्या जागी. एक टाका ढिला नाही.

मोठ्या बाई बाहेर आल्या. "वाईट वाटून घेऊ नका, पण यंदा गणवेश दुकानातूनच घ्यायचे ठरलेत. नात मात्र हुशार हो तुमची! कुणी शिकवलं एवढं?"

"असेल कुणीतरी अडाणी," म्हणत बाईनं टेप गुंडाळली.

घरी नात उड्या मारत आली. "आजी, पहिली आले! पुरावा एकदम पक्का, म्हणाल्या बाई."

"पक्का असणारच. घरचाच होता."

"पण तुझं नाव कुठं घातलंय? नुसतं आजी लिहिलंय."

"हो ना. मोठ्या बाईंची पोलकी शिवणाऱ्या आज्या गल्लीत पन्नास! कळणार कुणाला? यंदाचे गणवेश गेले माझ्या हातचे."

नातीचा चेहरा खर्रकन उतरला. "मी दुसरा लिहू? उलट्या बाजूचा?"

"लिही की. पुरावा काय देशील?"

नातीनं दप्तरातून काढलेली वही परत आत ठेवली.

बाईनं तिला वाढलं, वेणी घालून दिली, एका शब्दानं रागावली नाही. चार दिवसांनी शेजारणीचं कापड बेतता बेतता कसलीशी आठवण येऊन बाई हसली. नात लगेच सरकून जवळ आली. "काय गं आजी? सांग ना!"

"काही नाही," बाई म्हणाली. "तू आपला अभ्यास कर."