सुट्टीच्या दिवसाचा डबा

शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात त्यांना सगळे हातवाले काका म्हणत. कारण साधं होतं. घोडा कामावरून परतला की खोगीर उतरायच्या आधी काकांचा तळहात त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर पडलेला असायचा. मांस गरम आहे की थंड, ताठ आहे की सैल, हे त्यांना बोटांनी कळायचं. तीस वर्षं मोतद्दारी केली, घोड्यांची निगा राखली, पण त्यांच्या हातून चूक झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. प्रशिक्षक बाई नव्या माणसाला त्यांच्यापुढे उभं करून म्हणायच्या, "हे चुकत नाहीत. बघून शिक."

घोड्यांच्या खुराकातल्या ओटांच्या कोठीच्या दारावर खडूनं एक ओळ लिहिलेली होती: सुट्टीच्या दिवशी ओट अर्धे. अक्षर काकांचंच.

एका आठवड्यात तांबडी घोडी अशी धावली की बाईंनी घड्याळ दोनदा तपासलं. मग धावपट्टी दुरुस्तीला निघाली आणि घोड्यांना लागोपाठ दोन दिवस सुट्टी मिळाली. काका खरारा करत होते, तेव्हा तांबडीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. काका विरघळले. "कमावलंयस तू," म्हणत त्यांनी ओटांचा डबा काठोकाठ भरला. दुसऱ्या दिवशीही तसाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दहाच मिनिटं दुडकी चाल झाली आणि तांबडी थांबली. अंगावर घाम, मागचे पाय काठीसारखे ताठ. काकांनी पुठ्ठ्यावर हात ठेवला. हाताखाली मांस नव्हतं, लाकडी पाट होता.

"दोन दिवसांत आळस मुरला हो अंगात," बाई म्हणाल्या. "फिरवा तिला. फिरली की सुटेल."

"नको, बाई. एक पाऊलही नको."

"का? सुट्टीनंतर सगळीच आखडतात."

तिथेच घोडं पेंड खात होतं. कारण सांगितलं नाही, तर बाई तिला फिरवणार आणि दुखावलेलं मांस आणखी फाटणार. सांगितलं, तर तीस वर्षांचं नाव गेलं. काकांनी लगाम हातात घट्ट धरला.

"दोन्ही दिवस मी तिला पूर्ण डबा दिला."

बाई कोठीच्या दाराकडे बघत राहिल्या, खडूच्या ओळीकडे. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलवते." एवढंच.

डॉक्टर म्हणजे काकांच्या लेकीच्या वयाची मुलगी. घोडीची लघवी बिनदुधाच्या चहासारखी उतरली, ते पाहून तिनं सलाइन लावलं. मग बादली पालथी घालून बसली.

"काका, स्नायू मेहनतीत वाढत नाही. मेहनतीत तो झिजतो. वाढतो विश्रांतीत, पहिल्यापेक्षा पक्का होऊन. कामासाठी लागणारी साखरही तिथेच साठवतो. हिचं काम बंद, कोठार भरलेलं, आणि वरून तुम्ही ओतत राहिलात. काही घोड्यांना ते सोसत नाही. मग पुन्हा काम लागलं की स्नायू आवळतात."

"म्हणजे माझ्या मायेनंच..."

"मायेला माप नसतं, ओटांना असतं. पण वेळेवर बोललात. फिरवली असती, तर मूत्रपिंडावर गेलं असतं."

"आणि तिची मेहनत? सगळी वाया?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. घोड्याच्या अंगातली कमाई आपल्यासारखी झटकन सरत नाही. महिनाभर थांबली तरी बरीचशी टिकते. फक्त घाई नको. रक्त तपासून मी सांगेन तेव्हा चालणं, मग दुडकी."

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "घोडीला दोन दिवस काठोकाठ! आणि मला लग्नापासून कधी विचारलंत, अजून वाढू का म्हणून?"

काका दिवसभरात पहिल्यांदा हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुना डबा मधोमध कापला, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या आणि तो अर्धा डबा कोठीत मोठ्या डब्याशेजारी टांगला.

सहाव्या आठवड्यात तांबडी पुन्हा दुडकली. परतल्यावर काकांनी पुठ्ठ्यावर तळहात ठेवला. मांस ऊबदार, सैल, हाताखाली हलणारं. हात जरा जास्तच वेळ तिथे राहिला.

बाई आता नव्या माणसाला ते जुनं वाक्य ऐकवत नाहीत. सुट्टीच्या दिवशी मात्र अंगणातूनच ओरडतात, "काका, डबा कुठला?"

काका छोटा डबा दारातून उंच धरून दाखवतात. तांबडी आधी डब्यात बघते, मग त्यांच्याकडे.

"बघ, बघ," काका म्हणतात. "कितीही बघ."