काटा उतरला तेव्हा

सुषमाचा फोन आला तेव्हा मी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत ठेवल्या होत्या. सुषमा म्हणजे माझी भावजय, मधूची बायको. "ताई, हे बोलूनच नाही राहिले वं," एवढंच म्हणाली आणि तिच्या हातातून कुणीतरी फोन घेतला. पुढचं मी ऐकलं नाही. ऐकायचं काय होतं? थोड्या वेळापूर्वी तर तो माझ्याशी चांगला हसून बोलला होता. पन्हं त्याच्याचसाठी चाललं होतं. माझ्या पाठचा भाऊ माझ्या आधी कसा जातो, हे मला कुणीतरी समजावून सांगा. दीड महिना झाला, मला अजून कळलेलं नाही.

काटोल रोडला त्याचं गॅरेज होतं, वर टिनाचं शेड. आमचं गाव नरखेडकडचं, संत्र्याच्या बागांमधलं. लहानपणी विहिरीवरचा पंप बिघडला की हा त्याला कान लावून बसायचा आणि आई ओरडायची, "कान तोडन ना गा तो पट्टा!" मोठेपणी गाड्यांशीही तो तसाच वागला. इंजिन गरम झालं असं कधी म्हणाला नाही. "हिले ताप आला," म्हणायचा, घरातल्या पोरीबद्दल बोलावं तसं. गिऱ्हाईक घाई करू लागलं की खुर्ची पुढे सरकवायचा, "बसा न भाऊ, ताप उतरल्याशिवाय हात नाही लावत मी." मी चिडवायचे, दवाखान्याची पाटी लाव म्हणून. "लावतो ना, कंपाउंडर म्हणून तू ये," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी गाडी घेतली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं गावाला निघालो, मी चालवत होते. काटोल सोडलं आणि तापाचा काटा वर चढायला लागला, चढत चढत लाल रेघेला टेकला. मधूनं एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि चक्क हीटर लावला. एप्रिलच्या भर दुपारी!

"बाप्पा! डोकं फिरलं का गा तुझं?"

"तिची गरमी आपण थोडी वाटून घेऊ, ताई. पुढं सावली दिसली की थांबू."

दोघंही भट्टीत बसल्यासारखे भाजत होतो आणि हा हसत होता. मग अचानक हीटरमधून गार झुळूक आली. काटाही सरसर खाली उतरला. मी खूश! म्हटलं, "उतरला ना ताप. चाल आता थेट गावाले." बाजूला पाहिलं तर त्याचं हसू गेलेलं.

"बाजूले घे. बंद कर. आत्ताच्या आत्ता!"

"काहून गा? बरी झाली न ती?"

"बरी नाही झाली वं ताई, आटली. काटा पाण्याची गरमी सांगते. पाणीच सरलं त कायची सांगन तो? हीटरमंदीबी पाणीच फिरते. हवा थंडी आली म्हणजे आत काही उरलं नाही. आणखी दोन मैल नेली असती त मेली असती ती."

मग आम्ही कडुनिंबाखाली बसून राहिलो. मी रेडिएटरचं झाकण उघडायला गेले तर त्यानं हातावर चापटी मारली. गाडी पुरती निवली तेव्हा तो खाली शिरला. खालच्या रबरी पाइपाचं टोक चिरलं होतं, त्यातून हिरवट ओघळ थेट चाकापर्यंत आला होता. चिरलेलं टोक त्यानं कापून टाकलं, पाइप पुन्हा चढवून क्लिप आवळली आणि आमचं प्यायचं पाणी सगळं तिला पाजलं. गाडी सुरू करून पुन्हा हीटर लावला आणि तळहात धरून बसला. आधी गार हवा, मग कोमट, मग चांगली गरम. "आली पाह्य गरम हवा! आता जगली," म्हणाला आणि गावापर्यंत आम्ही दोघं तहानेनं कोरडे गेलो.

यंदाच्या मे महिन्यात, त्या दिवशी, कुणाच्या तरी लग्नाची गाडी त्याला संध्याकाळपर्यंत द्यायची होती. दुपारी फोन आला, "डोकं लय दुखून राहिलं ताई, घामानं नुसता भिजलो." मी रागावले. घरी जा म्हटलं, मी पन्हं घेऊन येते. थोड्या वेळानं पुन्हा त्याचाच फोन. आवाजही मोकळा होता.

"आता बरं हाये, नको धावपळ करू. घाम पुरा बंद झाला. थंडं वाटून राहिलं. एवढं आटपतो न जातो घरी."

घाम बंद झाला... ऊन लागलं होतं, अंगात पाणीच उरलं नव्हतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. तेव्हा मला तो कडुनिंब आठवला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी त्याच्यावर मोठ्यानं ओरडले. अरे, साऱ्या नागपूरच्या गाड्यांचे काटे तुला कळायचे ना? मला तूच शिकवलंस ना गा? मग स्वतःचा काटा उतरला तेव्हा "बरं हाये" कसं म्हणालास? लोक मला धरत होते. मला त्याचा राग आला होता, अजून आहे. तो समोर असता तर एक थोबाडीत देऊन त्याला पोटाशी धरलं असतं.

माझी गाडी तेव्हापासून अंगणात उभी होती. परवा सुषमाला तिच्या माहेराहून आणायचं होतं म्हणून धीर करून बसले. काचा खाली केल्या, गाडी सुरू केली. काटा तळाशी होता. माझा आता त्या काट्यावर विश्वास नाही. मी हीटर लावला आणि मधूसारखा तळहात धरला. शेजारच्या काकू फाटकातून ओरडल्या, "काहून वं बाई, एवढ्या गरमीत हीटर?" गार हवा आली... मग कोमट. मग चांगली गरम हवा तोंडावर आली आणि माझ्या कपाळावरून, मानेवरून घामाच्या धारा लागल्या. पदर हातात होता, पण घाम पुसावासा वाटला नाही.