मावशींचा डबा आणि काकांच्या गांधी

बाइंडरकाकांचा तोरा एकच होता: आयुष्यात कधी गोळी गिळली नाही. पुस्तकबांधणीच्या त्या कारखान्यात सहा माणसं होती. कुणी नुसतं शिंकलं तरी काका छाती काढून स्वतःचे गोडवे गात. त्यामुळे कागद कापायच्या यंत्राचा दांडा ओढून ओढून खांदा धरला, तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या आणि जेवून झालं की नळापाशी, सगळ्यांकडे पाठ करून, एकेक गिळू लागले.

तिसऱ्या आठवड्यात अंगावर गांधी उठल्या. आधी पोटावर, मग मांड्यांवर, दंडांवर. लाल, फुगीर, काही तर तळहाताएवढ्या. खाज अशी की पुठ्ठ्याच्या कडेने पाठ घासावी लागे. संध्याकाळपर्यंत मागमूस उरत नसे आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा हजर.

जेवणानंतर म्हटल्यावर काकांचा संशय डब्यावर गेला. सहाही डबे समोरच्या गल्लीतल्या एक मावशी करायच्या आणि स्वतः आणून द्यायच्या. जेवणं झाल्यावर रिकामे डबे न्यायला त्या दारात आल्या, तशी काकांनी बाही वर केली.

"मावशी, हे बघा तुमच्या हातचं. शिळंपाकं तर घालत नाही ना?"

मावशींनी दंडाकडे पाहिलं. "सकाळीच केलेलं असतं. मीही तेच जेवते, काका."

"मग माझं अंग काय उगाच पेटलं?"

काकांनी डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी शिलाई करणाऱ्या दोघी बहिणींनी आणि छापील पानं जुळवणाऱ्या नानांनीही केला. मावशी दोनच डबे घेऊन येऊ लागल्या.

काका घरून भाजी-पोळी नेऊ लागले, तरी गांधी काही हटेनात. एके दिवशी खांदा फार ठणकला म्हणून त्यांनी दोन गोळ्या घेतल्या. तासाभरात ओठ सुजून जाड झाले. काकू त्यांना तडक दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, सूज उतरेपर्यंत बसवून ठेवलं आणि विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"छे. मी गोळी घेतच नाही."

"धुवायच्या शर्टांच्या खिशातून रिकाम्या पट्ट्या मीच काढते," काकू शांतपणे म्हणाल्या. "आणि हे दोष देतात डब्याला. तो बंद केला, तरी गांधी उठतातच."

काकांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"खाण्यानं गांधी उठतात, तशा काहींना या गोळ्यांनीही उठतात," बाई म्हणाल्या. "डबा बंद करूनही थांबल्या नाहीत, तेव्हाच ओळखायचं होतं. ही गोळी आता वर्ज्य. तिचं नाव चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा, प्रत्येक डॉक्टरला दाखवा. ॲलर्जीची गोळी देते, ती सांगितल्याप्रमाणे घ्या. खाज सुटली तर खाजवू नका, गार पाण्याची पट्टी ठेवा, कपडे सैल घाला. पुन्हा ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला, तर घरी थांबायचं नाही. खांद्यासाठी वेगळं बघू."

चार दिवसांत अंग स्वच्छ झालं. कारखान्यात कुणी विचारलं की काका "आता बरंय" म्हणून विषय बदलत. मावशी यायच्या, दोन डबे ठेवायच्या, निघायच्या. काका तेवढा वेळ यंत्रामागे वाकून काहीतरी शोधत असत. असा आठवडा गेला. मग एका दुपारी त्यांच्याच्यानं राहवेना.

"मावशी, थांबा जरा," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुमच्या जेवणात काही नव्हतं. मी चोरून दुखण्याच्या गोळ्या घेत होतो. त्यांनीच गांधी उठत होत्या. मी तुमच्यावर आळ घेतला."

मावशींनी पदराने हात पुसले. "मला ठाऊक आहे. दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकू घरी येऊन सांगून गेल्या. तुम्ही कधी बोलताय, तेवढंच बघत होते."

काकांना मान वर करता येईना. आठवडाभर त्या समोरून गेल्या होत्या, सगळं ठाऊक असून.

सोमवारपासून दोघी बहिणींचे डबे सुरू झाले, काकांचाही. मावशी त्यांचा डबा मुकाट्यानं ठेवत. नानांना मात्र तोवर दुसरीकडची सवय लागली होती. काकांनी तीनदा विनवलं.

"तुमचं खरं असेल हो," नाना म्हणाले, "पण ते दंड डोळ्यांसमोरून जात नाहीत."