नारूचा नमुना

निघायच्या दिवशी, बडनेऱ्याची गाडी गाठण्याआधी, बाने मला गावच्या पायविहिरीवर नेलं. धर्मांतराला आठ वर्षं झाली होती. त्या विहिरीच्या पायऱ्या मात्र आमच्या लोकांना खुल्या होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्यासाठी बाने मार खाल्ला होता. काठावर दहाबारा माणसं उभी होती. मी खाली उतरलो आणि खिशातून रुमाल काढला. अकोल्याच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं काम केलं होतं. अशा पाण्यातून नारूचा जंत पोटात जातो आणि फडक्याने गाळलं की जात नाही, हे मला माहीत होतं.

"रुमाल ठेव खिशात," बा वरून म्हणाला. "गाळून पेशीन त लोकं म्हनतीन, आता यायलेच आपल्या पान्याचा इटाळ होऊन राह्यला."

"पे रे साहेबा," काठावरचा एक जण हसला, "इंग्लंडात असं नाई भेटत!"

मी दोन ओंजळी प्यायलो.

नारू साधारण वर्षभराने कातडीतून बाहेर पडतो. इंग्लंडात मी महिने मोजत होतो. काम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर होतं. रुग्णाच्या शरीरात सापडलेला जंताचा तुकडा रेझिनमध्ये बसवायचा, काचेच्या सुरीने त्याचे काप काढायचे आणि हिरव्या पडद्यावर त्याच्या कातडीचे थर पाहून जात ठरवायची. ताडून पाहायला ओळखीच्या जंतांची चित्रं होती. नारूचा आमच्याकडे एकच नमुना होता, स्पिरिटमध्ये वर्षानुवर्षं पडलेला. त्याचे थर विस्कटले होते.

अकराव्या महिन्यात डाव्या घोट्यावर फोड आला. निखारा ठेवल्यासारखी आग होत होती. नोकरीची मुदत वाढण्याआधीची वैद्यकीय तपासणी दोन आठवड्यांवर होती. परत पाठवतील ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती अशी की गावात सगळे विचारतील, काय झालं, आणि मला बासमोर त्या विहिरीचं नाव घ्यावं लागेल.

फोड फुटला आणि पांढरा दोरा दिसला. आमच्याकडे तो काडीला गुंडाळून काढतात. माय म्हणायची, "रोज बोटभर. घाई केली त तुटते." मी आगकाडी घेतली, वर मोजा चढवला आणि कामावर जात राहिलो. तपासणीला पाच दिवस उरले तेव्हा ओढला. तुटला.

पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप चढला. हाती आलेला तुकडा फेकवला नाही. प्रयोगशाळेत नेऊन इतर नमुन्यांसारखाच रसायनात घातला, रेझिनमध्ये बसवला आणि चौथ्या दिवशी यंत्राखाली ठेवला. पडद्यावर थर एकावर एक स्वच्छ दिसले. तपासणी दुसऱ्या दिवशी होती.

आमच्या विभागाच्या प्रमुख बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. हा नमुना कुठून आला, त्यांनी विचारलं. उत्तर तयार होतं, खोटं. पण उभं राहवेना. मी बूट काढला.

"परत पाठवतील म्हणून लपवलंत?" त्या म्हणाल्या. "दारापर्यंत तरी चालता येतंय का तुम्हाला?"

त्यांनी दवाखान्यात फोन केला. हा रोग इथे कोणाला माझ्यापासून लागणार नाही, असं तपासणीच्या डॉक्टरांना लिहून दिलं. पाय वाचला, नोकरी राहिली. नोंदवहीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं: पाणी कुठलं, तर सार्वजनिक पायविहीर, मग गावाचं नाव, तालुका चांदूर बाजार, जिल्हा अमरावती.

बाला पत्रात एवढंच कळवलं की पाणी गाळून प्या. बहिणीच्या अक्षरात त्याचं उत्तर आलं: "काहून?" पुढच्या पत्रात मी थंडीबद्दल लिहिलं.

पुढे ते चित्र एका संदर्भग्रंथात छापलं गेलं, खाली गावाच्या नावासकट. आमच्या गावाचं नाव छापलेलं मी दुसरीकडे कुठेही पाहिलेलं नाही. घर कुठलं, असं इथे कोणी विचारलं तर मी ते पान उघडून दाखवतो. गावी जायचं ठरलं की ग्रंथ पेटीत तळाशी ठेवतो. इथून निघायच्या सकाळी पुन्हा बाहेर काढतो.