आम्ही दोघी आलोय

“आम्ही दोघी आलोय रे,” असं सांगत काकू आमच्या कचेरीच्या खिडकीशी एकट्याच उभ्या राहायच्या. त्या दोघींतल्या एकीला मी सरकारी अर्जातून हाकललं. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे मी स्वतःला चांगला दाखवू लागलो तर तुम्ही फसणार नाही.

काकू जन्मानं आणि लग्नानंही काशीतल्याच मराठी घरांतल्या. लग्नात आपल्या रीतीप्रमाणे ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं आणि माहेरचं मागं पडलं. वडिलांनी पंचगंगा घाटावरच्या गल्लीतल्या दोन खोल्या त्यांना दिल्या, त्या कागदावर माहेरच्या नावाच्या. बाकी सगळं सासरच्या नावाचं. काकू माहेरच्या नावाला ‘धाकटी’ म्हणत.

त्या खोल्यांत त्या महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी खानावळ चालवत. हात सैल, जीभ तिखट. आमटी गोड झाली म्हणून एक गृहस्थ कुरकुरले, तर म्हणाल्या, “काशीला पाप धुवायला आलात की आमटी तपासायला?” मला मात्र आग्रह करत. “खा रे. सरकार उपाशी राहिलं की सही वाकडी करतं.”

खानावळीचा परवाना आमच्या कचेरीतून मिळे. जुना अर्ज लांबलचक होता, दलालाशिवाय कुणाला भरता येत नसे. पण त्यात ‘उर्फ’चा एक रकाना होता, तिथं काकूंची दोन्ही नावं शेजारीशेजारी बसत.

अर्ज सोपा करायचा हुकूम आला आणि काम माझ्याकडे आलं. साहेबांसमोर एकेक रकाना खोडत आम्ही ‘उर्फ’पाशी पोहोचलो.

“उर्फ? ये तो चोर-उचक्कों का होता है,” साहेब हसले. “किसके काम का है?”

माझ्या आईचीही दोन नावं होती. उत्तर अगदी ओठांवर होतं. पण कचेरीत मला आधीच ‘मराठा बाबू’ म्हणून चिडवत. अपने लोगों की सिफारिश करता है, असं कुणी म्हणेल याची मला धास्ती वाटली.

“किसी के नहीं, सर.”

अर्ज एका पानाचा झाला. चहावाले, कचोरीवाले तो स्वतः भरू लागले. मला शाल मिळाली. मी पेढे घेऊन काकूंकडे गेलो, सोबत नवा अर्जही नेला. त्यांनी तो उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

“अरे, माझी धाकटी कुठं बसवू?”

“एकच नाव लिहा, काकू. सोपं केलंय.”

ओळखीचे कागद सासरच्या नावाचे, म्हणून त्यांनी तेच नाव लिहिलं. जागा दुसऱ्याच बाईची आहे, असा शेरा पडून अर्ज परत गेला. मग त्या वकिलाकडून दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र करून आल्या. नव्या अर्जाला जोडायच्या कागदांत प्रतिज्ञापत्र नव्हतं. ते मीच खिडकीतून परत सरकवलं.

“नियम आहे, काकू.”

“नियम तूच केलास ना रे?”

“माताजी, आगे बढ़िए!” मागून कुणीतरी ओरडलं. काकू बाजूला झाल्या. त्या दिवशी ‘दोघी’ हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता, हे मला घरी गेल्यावर जाणवलं.

चूल विझली. यात्रेकरू पिशव्या घेऊन दाराशी यायचे, विचारायचे आणि गल्लीतून परत फिरायचे. मोठी पातेली विकून काकू गंगेपलीकडे रामनगरला भाचीकडे गेल्या. मी त्या गल्लीनं जायचं सोडलं.

साहेब बदलल्यावर मी धीर करून तो रकाना परत मागितला. नवे साहेब म्हणाले, “हाँ, हाँ, डाल दीजिए.” इतकंच. माझ्या भीतीची एवढीच किंमत होती, आणि ती काकूंनी भरली होती.

रामनगरला गेलो तेव्हा काकू खाटेवर होत्या. त्यांना आता दिसत नव्हतं. आवाजावरून ओळखलं.

“काय रे, अर्ज आणखी सोपा झाला का?”

त्यांची नावं मी इथं लिहिलेली नाहीत. एक लिहायचं आणि दुसरं गाळायचं, हे माझ्या हातून एकदा झालं आहे. छापून मिरवण्याचा हक्क मला दोन्हींवर नाही. पण तिथं, खाटेशी बसून, मी दोन्ही उच्चारली. माहेरचं आधी. पांघरूण चाचपणारा काकूंचा हात थांबला.

“‘उर्फ’ कुणाच्या कामाचं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मला माहीत होतं, काकू,” मी म्हणालो. “माहीत असून मी नाही म्हणालो. मी तुम्हां दोघींची माफी मागतो. धाकटीची आधी.”