दगडूभाऊंचा पाय चुकला नव्हता

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नव्हती. ती गेली, तोवर मी तिला सांगितली नाही. मुलांनाही नाही. कितीदा तरी जिभेवर आली — आणि मी गॅरेजातल्या एखाद्या पान्याचा नंबर विचारला, नाहीतर पावसापाण्याचं काढलं. आज सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

वारूळवाडीत रस्त्याला लागून माझं गॅरेज होतं. वर पत्रा, पुढं चिंचेचं झाड. दगडूभाऊ मढचे. थोडी भातखाचरं, बाकी सगळा डोंगर. भात निघालं की हाताला काम नाही, म्हणून नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी एक जुनी मॅटाडोर घेतली. तिसऱ्या हाताची. मढ ते जुन्नर माणसं न्यायची, आणायची. बाजारच्या दिवशी पाट्या आणि कोंबड्या, लग्नसराईत वऱ्हाड. घेण्याआधी ते ती मला दाखवायला घेऊन आले होते. मी खालून-वरून पाहिली आणि म्हणालो, घ्या. म्हणजे तो सल्लाही माझाच.

जुनी मोठी गाडी म्हणजे काय, हे ज्यानं पाळली त्यालाच कळतं. घेताना स्वस्त, पोसताना हत्ती. गणेशखिंड चढताना इंजिन असं तापायचं की वर पोचल्यावर रेडिएटरच्या झाकणाला हात लावायची कोणाची छाती होत नसे. हेड गॅसकेट दोनदा गेलं. सेल्फ मेला की गाडी उतारावर लावायची आणि सकाळी धक्का मारायचा. तळाचा पत्रा सडून भोकं पडलेली. हिराबाई, म्हणजे दगडूभाऊंची बायको, तिथं गोणपाट अंथरायची, नाहीतर रस्त्याची धूळ थेट पदरात. एक दुखणं मिटलं की दुसरं डोकं काढायचं. क्लचप्लेट झाली की बेअरिंग, बेअरिंग झालं की पाटे. भात विकून आलेलं सगळं माझ्या गॅरेजात जिरायचं. पण त्या माणसानं कधी घासाघीस केली नाही. म्हणायचे, "मिस्त्री, तिचं दुखणं तुमालाच कळतं. आमाला निस्ता आवाज येतो."

इतका विश्वास. असा विश्वास माणसाला सुधारतो म्हणतात. मला का नाही सुधारलं?

एका दुपारी ते आले. ब्रेकवर पाय ठेवला की पेडल हळूहळू खाली बसत जातं, म्हणाले. मी पाहिलं. मास्टर सिलेंडरचं रबर गेलं होतं. अंगठ्याएवढं रबर असतं — ब्रेक दाबला की तेच तेल पुढं ढकलतं आणि चाकं धरतात. ते फुगलं होतं, कड चिरली होती. नवं टाकायलाच हवं होतं. नारायणगावचं दुकान त्या दिवशी बंद. मंचरला मिळालं असतं. एसटीनं जाऊन यायचं म्हणजे दोन-अडीच तास.

मी गेलो नाही.

कारण काय सांगू? कारणच नाही. ऊन होतं. मला कंटाळा आला होता. आणि "आज होणार नाही, उद्या या" असं सांगितलं असतं तर ते हायवेवरच्या नव्या गॅरेजात गेले असते, अशी भीतीही होती. दुसऱ्या दिवशी त्यांना पुतणीच्या साखरपुड्याला घरची माणसं न्यायची होती. मी ते जुनं रबर धुतलं, पुसलं, परत बसवलं. हवा काढली, तेल भरलं. पेडल घट्ट लागलं. तेवढ्यापुरतं लागतंच.

"नवं टाकलं का?" त्यांनी विचारलं.

"टाकलं," मी म्हणालो. नव्याचे पैसेही घेतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, साखरपुडा उरकून परतताना, गणेशखिंडीच्या उतारावर ब्रेक गेला. गाडीत अकरा माणसं. एका बाजूला दरी. दगडूभाऊंनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली — त्या माणसाला तेवढं सुचलं म्हणून अकरा माणसं वाचली. पण हिराबाई पुढं बसलेली होती. पत्रा आत आला आणि तिचा पाय मांडीपासून मोडला.

कोणी दगावलं नव्हतं, सगळी घरचीच, त्यामुळे तक्रार झाली नाही. दोन दिवसांनी ट्रॅक्टरला बांधून गाडी माझ्याकडे आणली. माणसं गेल्यावर मी मास्टर सिलेंडर खोलला. रबर उलटं झालं होतं.

इथपर्यंत ती माझी चूक होती. आळस म्हणा, खोटेपणा म्हणा. इथून पुढं जे केलं, त्याला मी काय नाव देऊ?

मी मंचरला गेलो. आता मात्र गेलो. नवं रबर आणलं, बसवलं, हवा काढली. जुनं जाळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून दगडूभाऊ आले, सोबत त्यांचे थोरले भाऊ. डोक्याला पट्टी, अंगावर साखरपुड्याचाच सदरा. भाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, ह्याला डुलकी लागली असंल. दगडूभाऊ त्या चेपलेल्या गाडीत चढले, आपल्या जागेवर बसले आणि ब्रेकवर पाय दिला.

पेडल टणक. पुन्हा दाबलं. टणक. पुन्हा.

माझ्याकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, त्या टायमाला पार तळाला गेल्तं. म्या दाबलं व्हतं. दाबलं व्हतं ना म्या?"

ते मला विचारत होते. तेव्हा एक शब्द पुरला असता. मी म्हणालो, "भाऊ, घाबरल्यावर पाय चुकतो. क्लचवर पडला असंल."

त्यांनी पेडलवरचा पाय उचलला. मग स्वतःच्या पायाकडे बघून हळूच म्हणाले, "आसंल."

एवढंच. "आसंल." मी एका माणसाला त्याच्याच पायाबद्दल खोटं पटवलं होतं, आणि ते त्याला पटलं होतं.

गाडी भंगारात गेली. त्यानंतर दगडूभाऊंनी स्टिअरिंगला हात लावला नाही. बैलगाडीसुद्धा दुसरा हाकायचा. कोणी अपघाताचं विचारलं की आपणहून सांगायचे, माझा पाय चुकला. आणि दर दिवाळीत मला पायलीभर नवा तांदूळ आणून द्यायचे — का, तर गाडी ओढून आणली तेव्हा मी काही घेतलं नाही म्हणून. आम्ही तो तांदूळ खाल्ला. दरवर्षी.

पुढं त्यांचा मुलगा हाताशी आला. त्याला जीप घ्यायची होती. मढच्या रस्त्याला तेव्हा चांगला धंदा होता. बाप नको म्हणाला. मुलगा माझ्याकडे आला — "तुमचं ऐकत्यात, तुमी सांगा." मी मढला गेलो. दगडूभाऊ म्हणाले, "नगं मिस्त्री. माझं रगत हाय ते. येळेला पाय दगा देतो आमचा." मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, तुमची मर्जी. पोरगं चाकणला कंपनीत लागलं. घरी दोघंच उरली.

काही वर्षांनी कावीळ होऊन दगडूभाऊ गेले. मला उशिरा कळलं. तेराव्याला गेलो. हिराबाई भिंतीला टेकून बसली होती, तो पाय लांब करून. तो आखूडच राहिला होता, भाताच्या आवणीला वाकता येत नव्हतं. मला बघून म्हणाली, "लई जीव व्हता त्यांचा तुमच्यावर." मग थोड्या वेळानं, "रोज रातच्याला माझा पाय चेपायचे. कदी चुकवलं न्हाई. म्हनायचे, माज्या पायानं तुझा पाय नेला. मी म्हनायची, आसू द्या वो. मानसाकडनं चुकतं."

मी समोर बसलो होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात चाकणहून आलेल्या सुनेनं चहा पुढं केला. मी तो प्यायलो, कपबशी खाली ठेवली आणि शेवटची एसटी धरली.

हिराबाई अजून आहे. मढलाच, त्याच घरात. हे ऐकण्याचा हक्क पहिला तिचा. तिला सांगायचं सोडून मी तुम्हाला सांगितलं.